अग्निशामकांचे शारीरिक प्रशिक्षण व दुखापत प्रतिबंध (मुंबई उपनगरे)

अग्निशामकांचे शारीरिक प्रशिक्षण म्हणजे आग विझवणे, अडकलेल्यांची सुटका करणे, कोसळलेल्या बांधकामाखाली शोध घेणे ही कामे सुरक्षितपणे करता यावीत यासाठी अग्निशमन दलातील जवान व अधिकारी यांची शारीरिक क्षमता वाढवण्याची आणि ती संपूर्ण सेवाकाळात टिकवण्याची पद्धत होय. दुखापत प्रतिबंध हा या प्रशिक्षणाचाच एक भाग आहे. त्याची तत्त्वे खेळाडूंच्या प्रशिक्षणातील तत्त्वांशी मिळतीजुळती आहेत. मात्र एक मूलभूत फरक आहे. खेळाडूला सामन्याची तारीख ठाऊक असते, तो त्यापूर्वी शरीर तापवतो आणि हंगाम संपल्यावर विश्रांती घेतो. अग्निशामकाला वर्दी केव्हा येईल हे ठाऊक नसते, शरीर तापवण्यास अवधी मिळत नाही आणि त्याच्या कामाला हंगाम नसतो. त्यामुळे भरतीच्या दिवशी सिद्ध केलेल्या क्षमतेपेक्षा वर्षानुवर्षे टिकवलेली क्षमता या व्यवसायात अधिक महत्त्वाची ठरते.

हा लेख प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांतील (अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर व परिसर) परिस्थितीच्या संदर्भात या विषयाचा आढावा घेतो.

== पार्श्वभूमी ==

मुंबई अग्निशमन दल बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या अखत्यारीत असून त्याचे मुख्यालय भायखळा येथे आहे. उपनगरांत अंधेरी, मरोळ, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर, कुर्ला, चेंबूर, विक्रोळी, मुलुंड इत्यादी ठिकाणी दलाची केंद्रे आहेत. दलाचे प्रशिक्षण केंद्र वडाळा येथे आहे. राज्य शासनाच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे प्रशिक्षण केंद्र सांताक्रुझ पूर्वेला कलिना येथील विद्यानगरी परिसरात आहे, तर देशपातळीवरील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपूर येथे आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरातील व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजावर झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो व १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो.

=== उपनगरांतील कामाचे स्वरूप ===

उपनगरांत अग्निशामकाच्या शरीरावर पडणारा ताण तेथील वस्तीच्या रचनेनुसार बदलतो.

* उंच इमारती : अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड येथे निवासी व कार्यालयीन उंच इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या आहेत. आगीच्या वेळी सर्वसाधारण उद्वाहन वापरणे धोक्याचे असते. अग्निशामकांसाठी राखीव उद्वाहन चालू स्थितीत नसल्यास जवानांना साहित्यासह जिन्याने चढावे लागते. एका मजल्याची उंची सुमारे तीन मीटर धरल्यास विसाव्या मजल्यापर्यंत जाण्यासाठी सुमारे ६० मीटर उभी चढण पार करावी लागते आणि खरे काम त्यानंतर सुरू होते.
* डोंगरउतारावरील वस्त्या : घाटकोपरमधील असल्फा, तसेच विक्रोळी व भांडुप येथील डोंगरउतारावरच्या वस्त्यांत गल्ल्या अरुंद असल्याने बंब आतपर्यंत जाऊ शकत नाही. पाण्याच्या नळ्या, पंप व शिड्या हातांनी वाहून न्याव्या लागतात.
* कोसळणारी बांधकामे : २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील साईसिद्धी इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर परिसरात वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. अशा ठिकाणी बचावकार्य तासन्‌तास, कधी काही दिवस चालते. त्यात वाकून, गुडघ्यांवर बसून किंवा रांगत काम करावे लागते.
* इतर वर्द्या : पावसाळ्यात झाडे पडणे, मांज्यात अडकलेले पक्षी सोडवणे, बंद घराचे दार उघडणे अशा वर्द्यांची संख्या मोठी असते. या वर्द्या किरकोळ वाटल्या, तरी शिडीवरून तोल जाणे, ओल्या जागी घसरणे अशा दुखापती त्यांतही होतात.

== कामाची शारीरिक मागणी ==

अग्निरोधक पोशाख, शिरस्त्राण, बूट आणि श्वसन उपकरण (दलाच्या बोलीत बी.ए. सेट) यांचे एकत्रित वजन सर्वसाधारणपणे २० ते २५ किलोग्रॅम असते. नळी, कुऱ्हाड वा कापण्याची अवजारे यांचा भार वेगळा. हा पोशाख बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, त्याचप्रमाणे शरीराची उष्णताही सहज बाहेर जाऊ देत नाही. मुंबईच्या दमट हवेत घामाचे बाष्पीभवन आधीच मंद असल्याने शरीराचे आंतरिक तापमान लवकर वाढते.

जड पोशाखात जिना चढताना ऑक्सिजनची गरज बरीच वाढते. अमेरिका व ब्रिटन येथील मानके व अभ्यास यांनुसार अग्निशामकाची कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला सुमारे ४२ मिलिलिटर असणे इष्ट मानले जाते. ही पातळी नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीला गाठता येते. परंतु व्यायाम थांबल्यास आणि वय वाढल्यास ती घटत जाते.

=== दम व हवेचा साठा ===

शारीरिक क्षमतेचा थेट परिणाम श्वसन उपकरणातील हवेवर होतो. सहा लिटर क्षमतेच्या व ३०० बार दाबाने भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर हवा लागत असल्यास ती सुमारे ४५ मिनिटे पुरते. धाप लागून हाच वापर मिनिटाला ८० लिटरवर गेल्यास तीच हवा २२-२३ मिनिटांतच संपते. परतीसाठी राखून ठेवायचा साठा वजा केल्यास प्रत्यक्ष कामाचा वेळ याहून कमी उरतो. म्हणजेच दमदार अग्निशामकाला त्याच सिलिंडरमध्ये अधिक वेळ मिळतो, तर दम कमी असणाऱ्याला धुरातून अर्ध्यावरच परतावे लागते.

१८ जुलै २०१४ रोजी अंधेरी पश्चिमेतील लोटस बिझनेस पार्क या २२ मजली इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आग लागली. आग विझवण्यासाठी वर गेलेले अनेक जवान गच्चीवर अडकले व एका जवानाचा मृत्यू झाला. उंच इमारतीतील आगीत वर पोहोचण्याइतकेच सुरक्षित परत येणेही कठीण असते, हे या घटनेने अधोरेखित केले.

== निवड चाचणी व सेवेतील क्षमता ==

महाराष्ट्रात अग्निशमन सेवेच्या भरतीत उंची, वजन, छाती व दृष्टी यांच्या मोजमापांबरोबर धावणे, उंचावरून जाळीत उडी घेणे, मानवी पुतळा खांद्यावर वाहून नेणे, दोरावर व शिडीवर चढणे अशा मैदानी कसोट्या घेण्याची पद्धत आहे. मुंबई अग्निशमन दलाच्या ९१० पदांसाठीची भरती प्रक्रिया जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये दहिसर येथील मैदानावर झाली. महिला उमेदवारांसाठीची उंचीची अट व तिचे मोजमाप यांवरून त्या वेळी वाद झाला होता.

उंची व छाती ही मापे शरीराची ठेवण दर्शवतात, काम करण्याची क्षमता दर्शवत नाहीत. त्यामुळे काही देशांत कामाशी थेट संबंधित कसोट्यांवर भर दिला जातो. अमेरिका व कॅनडा येथील अग्निशामकांची संघटना आणि अग्निशमन प्रमुखांची संघटना यांनी १९९९ मध्ये तयार केलेल्या चाचणीत जिना चढणे, नळी ओढणे, अवजारे वाहणे, शिडी उभारणे, दार तोडणे, अंधाऱ्या बोगद्यात शोध घेणे, पुतळा ओढून सुटका करणे आणि छत फोडणे व ओढून पाडणे ही आठ कामे सलग १० मिनिटे २० सेकंदांत पूर्ण करावी लागतात. उमेदवाराच्या अंगावर सुमारे २२.७ किलोग्रॅम वजनाचा अंगरखा असतो आणि जिना चढताना आणखी सुमारे ११.३ किलोग्रॅम भार दिला जातो. स्त्री व पुरुष उमेदवारांसाठी निकष एकच असतो.

भरतीची चाचणी साधारणतः विशीत दिली जाते आणि सेवा त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ चालते. म्हणून ठरावीक कालांतराने वैद्यकीय तपासणी व क्षमता चाचणी घेणे, आणि तीत उणे ठरलेल्यास शिक्षा न करता सुधारणेचा कार्यक्रम देणे, हे प्रशिक्षणशास्त्रात योग्य मानले जाते. चाचणी शिक्षेशी जोडल्यास दुखणी लपवण्याकडे कल वाढतो.

== प्रशिक्षणाचे घटक ==

=== हृदय-श्वसन क्षमता ===

आठवड्यातील बहुतांश सराव बोलता येईल इतक्या सौम्य गतीने करून त्याला एक-दोन तीव्र सत्रांची जोड देणे ही प्रचलित पद्धत आहे. तीव्र सत्रात काही मिनिटे जोरात धावणे किंवा जिना चढणे आणि तेवढ्याच वेळाची संथ हालचाल यांची आवर्तने केली जातात. आरंभी साध्या कपड्यांत, नंतर भार घेऊन आणि शेवटी पूर्ण पोशाखात जिना चढण्याचा सराव टप्प्याटप्प्याने केला जातो.

या घटकाचे महत्त्व मृत्यूंच्या कारणांवरून स्पष्ट होते. अमेरिकेतील १९९४ ते २००४ या काळातील अग्निशामकांच्या सेवेतील मृत्यूंचा अभ्यास २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकूण मृत्यूंपैकी ३९ टक्के मृत्यू हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे झाले होते. प्रत्यक्ष आग विझवण्याच्या कामात अग्निशामकांचा वर्षातील केवळ १ ते ५ टक्के वेळ जात असूनही अशा हृदयमृत्यूंपैकी ३२ टक्के त्या कामादरम्यान झाले होते. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांवर लक्ष ठेवणे त्यामुळे दुखापत प्रतिबंधाइतकेच आवश्यक ठरते.

=== बल व वहनक्षमता ===

अग्निशामकाच्या कामात उचलणे, ओढणे, ढकलणे, वाहणे आणि चढणे या पाच हालचाली पुनःपुन्हा येतात. त्यांसाठी बैठका, जमिनीवरून भार उचलणे, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे, भारलेली पोती ओढणे, पायरीवर चढ-उतार, दोरावर चढणे हे व्यायाम उपयोगी पडतात. जोर, बैठका, मल्लखांब व दोरीवरील मल्लखांब या महाराष्ट्रातील पारंपरिक व्यायामप्रकारांतून पकड, खांदे आणि धड यांचे बल वाढते व साहित्यही कमी लागते. मात्र केवळ शेकडो जोर-बैठका काढल्याने जड भार उचलण्याची सवय होत नाही. त्यासाठी वजनासह सराव करावा लागतो.

=== धडाचे स्थैर्य व हालचालीचा दर्जा ===

पोट, पाठ व नितंब यांचे स्नायू धड स्थिर ठेवतात आणि कमरेवरचा ताण वाटून घेतात. अमेरिकेतील टक्सन शहराच्या ४३३ अग्निशामकांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धडाचे बल वाढवणारे व्यायाम आणि योग्य हालचालींचे शिक्षण दिल्यानंतर दुखापतींमुळे वाया जाणारा कामाचा वेळ पूर्वीच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. त्याच काळातील स्वतंत्र तुलनागट नसल्याने हा आकडा सावधगिरीने घ्यावा लागतो. तरी त्याची दिशा इतर निरीक्षणांशी जुळते.

=== आखणी ===

खेळाडूच्या वर्षाची आखणी स्पर्धेच्या तारखेभोवती केली जाते. अग्निशामकाला तशी तारीख नसल्याने दररोज थोडी शक्ती हाताशी राखणे हे त्याच्या आखणीचे सूत्र असते. कर्तव्यावर असताना दमछाक होईपर्यंत व्यायाम केल्यास लगेच आलेल्या वर्दीवर जवान थकलेला पोहोचतो. म्हणून केंद्रावर मध्यम तीव्रतेचा सराव, तर जड सराव सुट्टीच्या दिवशी, अशी विभागणी केली जाते. रात्री मोठी वर्दी झाली असल्यास दुसऱ्या दिवशीचा सराव हलका ठेवला जातो.

== दुखापतींचे स्वरूप ==

अग्निशामक म्हटले की भाजणे व गुदमरणे या इजा आठवतात. परंतु अमेरिकेत संकलित होणाऱ्या माहितीत सर्वाधिक आढळणाऱ्या दुखापती स्नायू ताणले जाणे, सांधे मुरगळणे व स्नायूदुखी या आहेत.

{| 
! शरीराचा भाग !! नेहमीचे कारण !! प्रतिबंधाचा मुख्य उपाय
|-
| कंबर || वाकून व वळून भार उचलणे, रुग्णाला जिन्यावरून उतरवणे || भार शरीराजवळ ठेवणे, दोघांनी एकाच इशाऱ्यावर उचलणे, धडाचे व्यायाम
|-
| गुडघा || बंबातून उडी मारून उतरणे, रांगणे, भारासह जिना उतरणे || पायऱ्यांचा वापर करून उतरणे, मांडी व नितंब यांचे बल
|-
| घोटा || ओली फरशी, ढिगारा, अंधार || एका पायावर तोल सावरण्याचा सराव, योग्य मापाचे बूट
|-
| खांदा || शिडी उभारणे, डोक्यावर हात करून काम || पाठीच्या वरच्या भागाचे व खांद्याच्या खोल स्नायूंचे व्यायाम
|}

सरावादरम्यान होणाऱ्या दुखापतीही दुर्लक्षणीय नसतात. अचानक वाढवलेला भार, चढाओढ आणि चुकीचे तंत्र ही त्यांची प्रमुख कारणे होत.

== दुखापत प्रतिबंध ==

=== शरीर तापवणे ===

वर्दी येताच शरीर तापवणे शक्य नसते. म्हणून पाळीच्या प्रारंभी १० ते १५ मिनिटांचा सांध्यांच्या हालचालींचा क्रम करून घेण्याचा उपाय सुचवला जातो. त्यात सूर्यनमस्कार, अर्ध्या बैठका, खांद्यांची वर्तुळे, पायरीवर चढ-उतार यांचा समावेश करता येतो. स्नायू दीर्घकाळ ताणून धरणे हे सरावानंतरच्या काळासाठी अधिक योग्य मानले जाते.

=== उष्णता, पाणी व विश्रांती ===

उष्ण हवामानाशी जुळवून घेण्यास शरीराला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. दीर्घ रजेवरून किंवा आजारपणातून परतलेल्या जवानाची ही सवय ओसरलेली असते. एप्रिल-मे व ऑक्टोबरमधील उकाड्यात पूर्ण पोशाखातील सराव सकाळी लवकर व थोड्या कालावधीचा ठेवणे हितावह असते.

घटनास्थळी ठरावीक काळ काम केल्यावर जवानाला बाहेर बोलावून, पोशाख सैल करून, सावलीत बसवून पाणी देणे आणि नाडी तपासणे ही विश्रांतीची पद्धत आहे. मनगटापासून कोपरापर्यंतचे हात गार पाण्यात बुडवल्याने शरीराचे तापमान उतरण्यास मदत होते. गोंधळलेले बोलणे, अडखळती चाल किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे असून अशा वेळी पोशाख काढून तत्काळ सर्वांग थंड करणे व वैद्यकीय मदत मिळवणे आवश्यक असते.

=== धुरापासून संरक्षण ===

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामक म्हणून काम करताना होणाऱ्या संपर्काचे वर्गीकरण मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केले. ज्वाळा विझल्यावर राख उकरण्याच्या कामातही विषारी वायू असतात. त्यामुळे दमल्यामुळे बी.ए. सेट लवकर उतरवणे धोक्याचे ठरते. काजळी लागलेला पोशाख वेगळा ठेवून धुणे व काम संपताच त्वचा स्वच्छ करणे हेही प्रतिबंधाचे भाग आहेत.

=== झोप व पुनरागमन ===

अपुऱ्या झोपेमुळे प्रतिसादाचा वेग व तोल घटतो. दुखापतीनंतर केवळ वेदना थांबल्या म्हणून कामावर परतणे पुरेसे नसते. दुखावलेल्या बाजूचे बल दुसऱ्या बाजूच्या जवळपास येणे, पूर्ण पोशाखात जिना चढणे आणि पुतळा ओढणे ही कामे वेदनेविना जमणे, हे परतण्याचे अधिक विश्वसनीय निकष आहेत. मधल्या काळात नियंत्रण कक्ष, जनजागृती किंवा साहित्य देखभाल असे हलके काम देता येते.

== उपनगरांतील खेळाडू ==

अंधेरी येथील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, कांदिवली येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आणि मुलुंड येथील महानगरपालिकेचा जलतरण तलाव ही उपनगरांतील प्रमुख क्रीडास्थळे आहेत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पहाटे चालणाऱ्या-धावणाऱ्यांच्या पसंतीचे आहे. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी अनेक हौशी धावपटू पावसाळ्यापासूनच सराव सुरू करतात.

अग्निशामकांसाठीचे बहुतेक प्रतिबंधक उपाय क्रीडावैद्यकातून आले आहेत. फुटबॉलसाठी विकसित केलेला ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा क्रम नियमित केल्यास दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, असे नॉर्वेतील किशोरवयीन खेळाडू मुलींच्या अभ्यासात २००८ मध्ये आढळले. मांडीच्या मागील स्नायूंसाठीचा ‘नॉर्डिक’ व्यायाम त्या स्नायूंच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आणतो. कबड्डी व खो-खो या खेळांत अचानक दिशा बदलणे व एका पायावर थांबणे वारंवार घडत असल्याने गुडघा व घोटा यांचे असेच संरक्षण तेथेही आवश्यक असते.

हौशी खेळाडूची एक अडचण अग्निशामकासारखीच आहे : सरावाबाहेरचा ताण. नोकरी, लोकलमधील उभ्याने प्रवास आणि अपुरी झोप यांचा भार सरावाच्या वहीत नोंदला जात नाही. शरीरावर मात्र तो पडतोच. डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांवर धावण्याचे अंतर एकदम वाढवल्यास नडगी व टाच दुखू लागते.

== मर्यादा ==

शारीरिक क्षमता हा सुरक्षिततेचा एक घटक आहे. ती इतर उपाययोजनांची जागा घेऊ शकत नाही. ९ मे २०१५ रोजी दक्षिण मुंबईतील काळबादेवी येथे आग लागलेली गोकुळ निवास ही इमारत कोसळली. या दुर्घटनेत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन, तसेच संजय राणे व महेंद्र देसाई या अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. इमारत कोसळण्याच्या धोक्यापुढे कोणताही व्यायाम उपयोगी पडत नाही. तेथे बांधकामाचे मूल्यमापन, वेळीच माघार घेण्याचा निर्णय आणि संपर्कयंत्रणा महत्त्वाची ठरते.

त्याचप्रमाणे इमारतीतील तुषारसिंचन यंत्रणा, पाण्याच्या उभ्या वाहिन्या, अग्निशामकांचे उद्वाहन व मोकळे जिने सुस्थितीत असल्यास जवानांवरील शारीरिक भार मुळातच घटतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही यंत्रणा कार्यरत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर अथवा भोगवटादारावर आहे. वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, तिच्या सुस्थितीचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. बंद पडलेल्या उद्वाहनाची किंमत अखेर जिना चढणाऱ्या जवानाच्या दमातून व त्याच्या सिलिंडरमधील हवेतून मोजली जाते.

== हेही पाहा ==

* मुंबई अग्निशमन दल
* मुंबई गोदीतील स्फोट (१९४४)
* राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, नागपूर
* क्रीडावैद्यक
* मल्लखांब